सही कोणाची चालते? डॉ. दत्ता सामंत आणि ‘मान्यताप्राप्त’ युनियनचं कोडं

चार नव्या कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशभर लागू झाल्या. चर्चा झाली ती बहुतेक ग्रॅच्युइटी, कामाचे तास आणि नेमणूकपत्र यांची. औद्योगिक संबंध संहितेतली एक तरतूद मात्र बातम्यांच्या तळाशीच राहिली. एका कारखान्यात एकाहून जास्त युनियन असतील तर मालकाने बोलणी कोणाशी करायची? संहितेचं उत्तर असं, की हजेरीपटावरच्या ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा जिला असेल, तिच्याशी.

वाचायला हे इतकं सरळ वाटतं की यावर लेख कशाला, असंही कोणी म्हणेल. ज्याच्या मागे लोक जास्त, त्याने बोलावं. पण मुंबईत १९८२ साली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार एका माणसाच्या शब्दावर कामाबाहेर बसले होते आणि त्या माणसाला मालकांबरोबर साधा करार करण्याचाही कायदेशीर अधिकार नव्हता. तो अधिकार ज्या युनियनकडे होता, तिचं नाव काढलं तरी गिरण्यांच्या गेटवर लोक चिडत. हा माणूस कोणी ऐरागैरा नव्हता. तो १९७२ साली विधानसभेत निवडून गेला होता आणि पुढे १९८४ साली लोकसभेतही गेला.

डॉ. दत्ता सामंतांवर आजवर खूप बोललं गेलंय, पण ते एक तर भक्तीने किंवा रागाने. त्यांच्या संपामागचा कायदा समजून घ्यायला सहसा कोणी थांबत नाही. माझ्या मते खरी गोम तिथेच आहे.

दवाखान्यातून युनियनकडे

सामंतांचा जन्म १९३२ सालचा, मूळ मालवणजवळच्या देवबागचं. मुंबईत एमबीबीएस होऊन त्यांनी घाटकोपरच्या पंतनगरात दवाखाना थाटला. आसपास तेव्हा दगडखाणी होत्या आणि खाणीतले मजूर त्यांचे पेशंट. खोकला, जखमा, अपुरा पगार आणि मालकाची अरेरावी, सगळं एकाच केसपेपरवर यायचं. त्या मजुरांची भांडणं लढता लढता डॉक्टर युनियनमध्ये आले. सुरुवात काँग्रेसच्या आणि तिच्या कामगार संघटनेच्या, म्हणजे इंटकच्या, वर्तुळातच झाली. याच काँग्रेसशी पुढे त्यांचं हाडवैर झालं.

१९७५ साली आणीबाणीत त्यांना तुरुंगात टाकलं गेलं. १९७७ ला बाहेर आले तेव्हा त्यांचं नाव आधीपेक्षा मोठं झालं होतं. मुंबईच्या पूर्व उपनगरांत आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यात इंजिनिअरिंग आणि रसायनांचे कारखाने जोरात होते. तिथे त्यांनी जी पद्धत वापरली तिने मालकवर्ग हादरला. मागणी भरमसाट करायची, संप लांबवायचा, आणि कंपनीचा ताळेबंद दाखवला तरी बधायचं नाही. नफ्यातल्या कारखान्याला मशीन बंद ठेवणं परवडत नाही, त्यामुळे बऱ्याच ठिकाणी पगार खरोखर वाढले. ही बातमी लोकल गाडीतून आणि चाळीच्या गॅलरीतून गिरणगावात पोचायला वेळ लागला नाही. ज्या घरात एक भाऊ गिरणीत आणि दुसरा इंजिनिअरिंग कारखान्यात होता, तिथे दोन पगारपाकिटांतला फरक रोज दिसत होता.

या पद्धतीला काळी बाजूही होती. त्यांच्या संपांभोवती मारामाऱ्या झाल्या, त्यांच्यावर खटले झाले. ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पण गिरणी संपाचं जे झालं, ते एवढ्याने समजत नाही.

‘मान्यता’ म्हणजे नेमकं काय मिळतं?

युनियन काढणं आपल्याकडे अवघड नाही. कायद्याप्रमाणे नोंदणी केली की झाली. पण नोंदणी म्हणजे मालकाशी करार करण्याचा हक्क नव्हे. तो हक्क म्हणजे मान्यता.

मुंबईच्या कापड गिरण्यांना लागू होता तो १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा. सगळे त्याला ‘बीआयआर’ म्हणत. आज त्याच्या नावात मुंबईच्या जागी महाराष्ट्र आहे. या कायद्यात एका शहरातला एक उद्योग म्हणजे एक घटक, आणि त्या घटकाची एकच ‘प्रातिनिधिक युनियन’. तिच्याकडे त्या शहरातल्या त्या उद्योगाच्या किमान २५ टक्के कामगारांचं सभासदत्व हवं. दावेदार दोन असतील तर जिचे सभासद जास्त ती. हे ठरवणार सरकारी निबंधक, सभासदांच्या नोंदी तपासून. कामगारांनी मत द्यायचं, मोजायचं आणि ठरवायचं, असा प्रकार यात नाही.

एकदा ही जागा मिळाली की तिच्याबरोबर बरंच काही मिळतं. कायद्याखालच्या वाटाघाटींत आणि कोर्टात कामगारांच्या वतीने उभं राहण्याचा मान तिचा. तिने केलेला करार सगळ्यांना बंधनकारक, सभासद असो वा नसो. पगाराच्या दिवशी गिरणीच्या आवारात वर्गणी गोळा करण्याची, फलक लावण्याची, आत जाऊन सभासदांशी बोलण्याची मुभा तिला. बाकीच्यांनी गेटबाहेर उभं राहायचं.

सोसायटीच्या पुनर्विकासाचं उदाहरण घ्या. समजा, बिल्डरशी करार फक्त सचिवाने करायचा आणि तो सगळ्या रहिवाशांना बांधील, असा नियम आहे. इथवर ठीक. पण सचिव बदलायला निवडणूकच नाही. तुम्हाला दुसरा माणूस हवा असेल तर तुमच्या इमारतीतल्या सगळ्यांनी हात वर करून भागत नाही. अख्ख्या वॉर्डातल्या साठ सोसायट्यांमध्ये फिरून वर्गणीच्या पावत्या फाडायच्या, सध्याच्या सचिवापेक्षा जास्त आहेत हे दाखवायचं आणि मग सरकारी अधिकाऱ्याच्या निकालाची वाट बघायची. सचिवाला मात्र प्रत्येक सोसायटीच्या ऑफिसात बसून पावत्या फाडायची सोय आहे.

मुंबईच्या गिरण्यांत हे सचिवपद राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होतं. संघ इंटकचा, म्हणजे पर्यायाने काँग्रेसचा. गिरणगावात त्याला नुसतं ‘संघ’ म्हणत.

इतर उद्योगांना १९७१ चा वेगळा राज्य कायदा लागू होता. त्यात मान्यता कारखान्यागणिक मिळे आणि अट ३० टक्के सभासदांची होती. म्हणजे सामंतांना ठाण्यातला एखादा कारखाना जिंकायला तेवढाच कारखाना पुरत होता. गिरणीत जिंकायचं तर अख्खी मुंबई जिंकावी लागणार होती, तीही पावत्यांवर.

असा कायदा केला तरी कशाला?

त्यामागे एक विचार होता. १९२८ साली गिरण्यांमध्ये सहा महिने संप चालला, त्यातून लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन वाढली. कम्युनिस्ट पुढारी श्रीपाद अमृत डांगे त्याच लढ्यातून पुढे आले. सरकारला आणि मालकांना एक जबाबदार संघटना हवी होती, जी बोलेल, लवादाकडे जाईल आणि ऊठसूट गिरण्या बंद करणार नाही. १९३८ साली खेर मंत्रिमंडळाने तसा कायदा आणला. मुंबई विधानसभेत त्याला कडाडून विरोध करणाऱ्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. तेव्हा ते स्वतंत्र मजूर पक्षाचे आमदार आणि कामगार पुढारी, दोन्ही होते. संप करणं गुन्हा ठरवणं म्हणजे माणसाला मनाविरुद्ध राबायला लावणं, ही गुलामगिरीच, असा त्यांचा मुद्दा होता. ७ नोव्हेंबर १९३८ ला त्यांच्या पक्षाने कम्युनिस्टांच्या जोडीने एक दिवसाचा संप केला. विधेयक तरीही मंजूर झालं. १९४६ चा कायदा त्याच वाटेवरचा पुढचा मुक्काम.

त्याचा हिसका सामंतांच्या कितीतरी आधी दिसला होता. १९५० साली समाजवाद्यांच्या मिल मजदूर सभेने बोनससाठी ६३ दिवस गिरण्या बंद ठेवल्या. कामगार त्यांच्या बरोबर, मान्यता संघाकडे. संप हातातून निसटला. बत्तीस वर्षांनी जे घडलं त्याची रंगीत तालीम आधीच होऊन गेली होती, हे सामंतांच्या टीकाकारांच्या आणि चाहत्यांच्याही लक्षात राहत नाही.

संपाची ठिणगी

१९८१ च्या दिवाळीत बोनसवरून असंतोष उसळला. तेव्हाच्या बोनस कायद्यात किमान ८.३३ टक्के आणि कमाल २० टक्के बोनस होता. कामगारांना २० हवे होते, संघाने कमीवर सही केली. प्रभादेवीच्या स्टँडर्ड मिलचे कामगार उठून घाटकोपरला सामंतांकडे गेले. सामंत लगेच तयार झाले नाहीत, असं त्या वेळचे लोक सांगतात. बीआयआरचा अडसर त्यांना ठाऊक होता. पण लोक हटेनात. आधी काही गिरण्या बंद पडल्या, आणि १८ जानेवारी १९८२ पासून शहरातल्या साठहून जास्त गिरण्यांचे भोंगे थांबले.

मागण्या तीन. पगारवाढ, बदली कामगारांना कायम करणं आणि बीआयआर रद्द करणं. बदली कामगार म्हणजे ज्याचं नाव गिरणीत आहे, पण काम नाही. रोज पाळीच्या आधी गेटवर यायचं. कोणाचा खाडा पडला तर आत घेणार, नाहीतर परत. वर्षानुवर्षं असं काढलेली माणसं होती.

पहिल्या दोन मागण्या मालकांच्या हातातल्या होत्या. तिसरी सरकारच्या हातातली, आणि तीच सगळ्यात अवघड. कारण ती मान्य करणं म्हणजे काँग्रेसने स्वतःच्या युनियनची खुर्ची आपल्या हाताने काढून घेणं. शिवाय गिरण्या सामंतांकडे गेल्या तर उद्या गोदी, परवा वाहतूक, ही धास्ती मुंबईतही होती आणि दिल्लीतही.

आता कायद्याच्या चौकटीतून पाहा. सामंतांची महाराष्ट्र गिरणी कामगार युनियन प्रातिनिधिक नाही, म्हणून तिच्याशी बोलायचं बंधन मालकांवर नाही. कायद्याने घालून दिलेली नोटीस आणि समेटाची वाट धरलेली नाही, म्हणून संप बेकायदा. बेकायदा संपात असलेल्याला कामावरून काढता येतं. आणि मालकांना तडजोड करायचीच झाली, तर ती संघाशी करावी लागणार, ज्याचं ऐकायला कोणी तयार नाही. ज्याचं लोक ऐकतात त्याची सही चालत नाही, आणि ज्याची सही चालते त्याचं कोणी ऐकत नाही. अशा संपाला बाहेर पडायला दरवाजाच नसतो.

लोक तरीही टिकले. पुष्कळ जण कोकणात, साताऱ्याला, कोल्हापूरला गावी गेले आणि शेतीवर दिवस काढले. गिरणगावातल्या खानावळी ओस पडल्या, दागिने मोडले गेले. संप अधिकृतपणे कधीच मागे घेतला गेला नाही. तो विरत गेला. १९८३ मध्ये केंद्राने १३ गिरण्यांचा कारभार ताब्यात घेतला. अनेक गिरण्या परत पूर्ण ताकदीने चालल्याच नाहीत. एक लाखाहून जास्त माणसं कामाला कायमची मुकली.

“पण ते तर आमदार होते, खासदार होते. कायदाच का नाही बदलला?”

हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो आणि तो रास्त आहे.

१९७२ च्या विधानसभेत जागा होत्या २७०, त्यांतल्या दोनशेहून जास्त काँग्रेसच्या. एकट्या आमदाराच्या हातात प्रश्न विचारणं, लक्षवेधी मांडणं, अशासकीय विधेयक आणणं एवढं असतं. अशासकीय विधेयक म्हणजे मंत्र्याऐवजी साध्या सदस्याने आणलेलं विधेयक. त्याने मुद्दा नोंदला जातो, कायदा बदलत नाही.

१९८४ ची गंमत तर वेगळीच. इंदिरा गांधींच्या हत्येनंतरच्या लाटेत काँग्रेसने लोकसभेत चारशेहून जास्त जागा घेतल्या, आणि त्याच निवडणुकीत दक्षिण मध्य मुंबईतून सामंत अपक्ष म्हणून निवडून आले. संप हरला होता, तरी गिरणगावाने मत त्यांनाच दिलं. संपात ज्या मोजणीला कायद्यात जागा नव्हती, तशी मोजणी इथे मतपेटीतून झाली असं म्हणायला हरकत नाही. पण बीआयआर हा राज्याचा कायदा. तो रद्द व्हायचा तर मुंबईत, आणि सामंत बसले दिल्लीत. कामगार हा विषय केंद्र आणि राज्य दोघांच्याही यादीत आहे, त्यामुळे दिल्लीला हात घालता आला असता, पण सरकारची इच्छा असती तर. १९७० नंतर संसदेत एकही अशासकीय विधेयक कायदा झालेलं नाही.

आमदारकीने सामंतांना मोर्चाच्या पुढे चालताना वजन दिलं असेल, पण निबंधकाच्या टेबलावर तिची किंमत शून्य होती.

“सामंतांनीच गिरण्या बुडवल्या ना?”

अर्धी मुंबई आजही हेच म्हणते. गिरण्यांचा आजार संपाच्या आधीचा होता. १९७४ सालीच देशभरातल्या १०३ आजारी गिरण्यांचं राष्ट्रीयीकरण करावं लागलं होतं, त्यांत मुंबईतल्याही होत्या. यंत्रं जुनाट, नव्यात पैसे घालायची तयारी नाही, आणि भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीचे यंत्रमाग कमी खर्चात कापड काढत होते. पुढे १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीला बाजार उघडून दिला. धुराड्यांच्या जागी टॉवर का आले याचं उत्तर त्या जमिनीच्या भावात आहे.

तरीही सामंतांना मी मोकळं सोडणार नाही. जी युक्ती नफ्यातल्या इंजिनिअरिंग कारखान्यात चालली ती त्यांनी गिरण्यांना जशीच्या तशी लावली. न खपलेला माल गोदामात पडून असलेल्या मालकाला चार महिने बंद परवडतो. उलट पगार वाचतो, आणि कापड यंत्रमागावरून घेता येतं. संपाची धार मालकाच्या तोट्यावर असते. इथे तोटाच बोथट होता. शिवाय पगारवाढ आणि बदली कामगारांचा प्रश्न यांवर कुठल्या मार्गाने का होईना काही पदरात पाडून, कायद्याची लढाई पुढे लांबवर न्यायची, हा रस्ता त्यांनी धरला नाही. तो रस्ता मिळालाच असता, याची हमी अर्थात नव्हती.

१६ जानेवारी १९९७ ला पवईत घराजवळच त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. ते कामावर निघाले होते. या खटल्यातून छोटा राजन २०२३ साली पुराव्याअभावी निर्दोष सुटला.

“एकच युनियन असणं चांगलंच की!”

चांगलंच आहे. पाच युनियन असल्या की मालक एकीला दुसरीवर घालतो. बीआयआरचा दोष एका आवाजाचा आग्रह धरण्यात नव्हता. तो आवाज कोणाचा हे कामगारांना न विचारता ठरवण्यात होता. यावर कामगार चळवळीतच जुना वाद आहे. इंटकचा कल सभासदांच्या पडताळणीकडे, तर डाव्या आणि समाजवादी संघटनांची मागणी गुप्त मतदानाची. माजी सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकर यांच्या पहिल्या राष्ट्रीय श्रम आयोगानेही १९६९ साली या वादाचा ठाम निकाल लावला नाही. पडताळणीत पावती मोजली जाते आणि मतदानात माणूस. धमकी किंवा लाडीगोडीने पावती फाडून घेता येते. पडद्याआडच्या मताचं तसं करणं अवघड.

मग ५१ टक्क्यांनी कोडं सुटलं का?

थोडं सुटलं. मोजणी शहराची नाही, त्या त्या आस्थापनेची. पाव भागावर मक्तेदारी नाही, निम्म्याहून जास्त पाठिंबा लागतो. कोणाकडेच ५१ टक्के नसतील तर वाटाघाटी परिषद बनते आणि दर २० टक्के पाठिंब्यामागे युनियनला तिथे एक प्रतिनिधी मिळतो. १९८२ च्या गिरण्यांना हा नियम असता तर बोलणीच्या टेबलावर कोण बसलं असतं, हे सांगायला ज्योतिषी नको.

दुसऱ्या हाताने मात्र संहिता काही काढूनही घेते. आता कुठल्याही औद्योगिक आस्थापनेत संपाआधी १४ दिवसांची नोटीस लागते, समेटाची प्रक्रिया चालू असताना संप करता येत नाही, आणि निम्म्या किंवा त्याहून जास्त कामगारांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा टाकली तर तोही संपच. पुण्याच्या चाकणमध्ये किंवा नाशिकच्या सातपूरमध्ये वेतनकराराच्या बोलणीत बसणाऱ्या कोणालाही यातली मेख लगेच कळेल.

त्याहून मोठी गोष्ट ‘हजेरीपटावरचे कामगार’ या शब्दांत आहे. ५१ टक्के कशाचे, तर या आकड्याचे. आज कारखान्यात शिरलात तर एकाच लाइनवर एकसारखं काम करणाऱ्यांत कायम कामगार थोडे दिसतील. बाकी ठेकेदाराचे, ट्रेनी, अप्रेंटिस. ठेकेदाराच्या माणसाची हजेरी ठेकेदाराच्या पटावर लागते, कारखान्याच्या नाही. त्यामुळे दोनशे कायम आणि आठशे ठेक्याचे असतील तर १०२ जणांचा पाठिंबा असलेली युनियन मान्यताप्राप्त ठरते, आणि उरलेल्या आठशेंचं मत कोणाच्या बाजूने आहे हे मोजलंच जात नाही.